सिग्नल शोधत आहे

मध्यम लहरींवरचं प्रसारण डिजिटल झालं आणि भाऊंच्या जुन्या रेडिओतून निवेदिकेऐवजी पिठाच्या गिरणीसारखी घरघर येऊ लागली. भाऊ निवृत्त टंकलेखक. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात बोलणारं माणूस एकच, ही दुपारची निवेदिका. तिनं "नमस्कार, कसे आहात?" म्हटलं की भाऊ ताटावरून सांगायचे, "बरा आहे. भाजी तेवढी खारट झालीय."

परगावच्या मुलानं नवा डिजिटल सेट पाठवला. आवाज खरोखर स्वच्छ होता, पण यायचा तेव्हा. "नमस्कार, कसे..." एवढं म्हणून निवेदिका गप्प, आणि पडद्यावर अक्षरं : सिग्नल शोधत आहे.

भाऊंनी केंद्रावर फोन लावला. तिथला अभियंता म्हणाला, "काका, जुन्यात खरखरीसकट का होईना, ऐकू यायचं. याचं तसं नाही. आला तर पुरता, नाहीतर ठणठणाट. विजेच्या वस्तूंचा अडथळा होतो. एकेक बंद करून बघा."

भाऊंनी फ्रिज बंद केला. दूध नासलं. दिवे मालवले, चार्जर उपटला. निवेदिका 'आहात'पर्यंत पोचली आणि पुन्हा ठणठणाट. म्हणजे अडथळा भिंतीपलीकडचा! कित्येक वर्षांनी भाऊंनी शेजारणीचं दार वाजवलं.

"तुमचा पंखा जरा बंद ठेवाल?"

"का? तुमच्या डोळ्यांत खुपतो?"

वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवायला साफ नकार दिला. तळमजल्यावरच्या दंतवैद्यानं तर आ वासून बसलेल्या पेशंटकडे नुसतं बोट दाखवलं.

भाऊ इरेला पेटले. जिन्याखाली गेले आणि अख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढून धापा टाकत वर आले. सेट बॅटरीवरचा. निवेदिका अगदी शेजारी बसल्यासारखी बोलत होती. भाऊंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण, शिवणवाल्या बाई, दंतवैद्य आणि गाल बधिर झालेला पेशंट.

"भाऊ, कमाल आहे तुमची!" शेजारीण म्हणाली. "वीज जाणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं. म्हणून पंखा बंद करा म्हणत होतात! बसू का? तुमच्याकडे वारा छान येतो."

सगळे बसले. कोऱ्या चहाचं आधण चढलं. गप्पांना ऊत आला.

"वहिनी होत्या तेव्हा आमचं येणं होतं," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "नंतर रोज दुपारी आत कुणीतरी बोलत असायचं. म्हटलं, भाऊंकडे माणसांचा राबता आहे, आपली कशाला अडचण?"

भाऊ कपबश्या मांडत राहिले.

"तो लेडिओ जला बालीक कला ना," पेशंट म्हणाला. "काही ऐकू येत नाही."

भाऊंनी रेडिओ बंदच केला.

"मी जरा खाली मेन बघून येतो," म्हणत दंतवैद्य उठला.

"बसा हो," भाऊंनी त्याच्या हातात चहा दिला. "एवढी काय घाई? येईल वीज सावकाश."