एक रेघ, तीन ठिपके

एक उभी रेघ, खाली तीन ठिपके.

कल्याणच्या तळ्याकाठी पिंपळाला टेकलेलं, सात वर्षं बंद असलेलं घर.

नव्या परटाकडून धुऊन आलेलं कपड्यांचं गाठोडं.

मामलेदार कचेरीतले कारकून हरिहरपंत यांची भर कचेरीतली प्रतिज्ञा: "त्या घरात वर्षभर राहून दाखवतो. मुंजा भेटलाच तर त्याला पाढे शिकवीन!"

साल १८८९.

राहायला गेल्यावर तिसऱ्या सकाळी पंतांची मान चुरचुरू लागली. बायकोने, मंदाकिनीबाईंनी, मागून पाहिलं. चुलीतली राख जमिनीवर पसरून त्यांनी बोटाने काढून दाखवलं: एक उभी रेघ, खाली तीन ठिपके. लालभडक.

"डास चावला असेल," पंत म्हणाले.

"लिहिता येणारा?"

पंतांनी सदरा बदलला. दुसऱ्या दिवशी बोटभर खाली तीच खूण पुन्हा उमटली, जणू मागे बसून कोणी अक्षर गिरवत होतं. दुपारी मंदाकिनीबाईंच्या कमरेवर, पदर खोचतात तिथे, तीच रेघ, तेच ठिपके. वारा पडला होता. तरी दोघांनाही पिंपळाची सळसळ ऐकू येत होती.

पंतांच्या आई रंगूबाई तेवढ्या सुटल्या होत्या. त्या आपलं लुगडं स्वतः धूत, परटाचा हात लागू देत नसत. "माझ्या सोवळ्याला ते शिवत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी डॉक्टरांचं नाव काढलं. पंत ऐकेनात. दवाखान्याची पायरी चढली की गावभर होणार, मुंज्याने कारकुनाला धरलं. मग कचेरीत तोंड कसं दाखवायचं? तेव्हा रंगूबाईंनी दृष्टीवरचा घरचा उपाय काढला. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याच्या तेलाचे ठिपके खुणेभोवती गोल दिले. आतलं बाहेर पडू नये म्हणून.

ते बाहेर पडलं. सकाळी लाली गळ्यापर्यंत उतरलेली, फोडांत पाणी, अंगात ताप, उजवा डोळा सुजून मिटलेला. आरशात भलताच कोणीतरी एका डोळ्याने पंतांकडे बघत होता. पंतांनी त्याला हात जोडले.

"पाढ्यांचं राहू द्या," ते पुटपुटले.

मंदाकिनीबाईंनी मग कोणाला विचारलं नाही. गाडी जोडून त्यांनी नवऱ्याला डॉक्टर श्रीपादरावांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान पाहिली आणि सदऱ्याची गळपट्टी उलटली. आतल्या बाजूला काळी उभी रेघ, खाली तीन ठिपके.

"परटाची निशाणी. प्रत्येक घराची वेगळी असते, बिब्ब्याच्या रसाने काढतात. ओली असली तर कातडी भाजते."

रंगूबाईंचा उपाय ऐकल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लाली जागच्या जागी राहिली तर कपडा बदला, अंग धुवा, वाट पाहा. पसरली, फोड आले, डोळा सुजला, ताप चढला, तर त्याच दिवशी या. सूज घशात उतरली असती, पंत, तर श्वास कोंडून गेला असता."

पंधरा दिवसांत मान नितळ झाली. रंगूबाईंच्या बिब्ब्याने मुंजा पळाला, हे कल्याणात सर्वांना कळलं. लोक लेकरं घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले, आणि पंतांनी त्या प्रत्येकाला दारातूनच डॉक्टरांचा पत्ता दिला. निशाणीची गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही.

गाठोडं देताना काळुराम परीट म्हणाला होता, "निशाणी ओली हाय, पंत. दोन दिस उन्हात टाका, मग घाला."