सान मातिआसचा पाण्याचा जाहीरनामा

राष्ट्राची प्रगती त्याने केलेल्या क्रांत्यांवरून मोजायची असे एकदा ठरवले, की मेक्सिको हे पृथ्वीवरचे सर्वांत प्रगत राष्ट्र ठरते. स्पेनचा राजा गेल्यापासून राज्य बदलले नाही असे वर्ष इथे क्वचितच गेले असेल, आणि जे गेले त्याच्याबद्दल लोकांना अजून चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

अज्ञ लोकांचा समज असा, की क्रांती म्हणजे गोंधळ. उलट, क्रांतीइतके रीतसर काम या देशात दुसरे नाही. एखाद्या कर्नलची बढती हुकते आणि त्याच सकाळी त्याच्या ध्यानात येते, की मातृभूमी संकटात आहे. तो जवळच्या गावात जाऊन चौकात जाहीरनामा वाचतो. पहिल्या कलमात मातृभूमी, दुसऱ्यात धर्म, मधल्या कलमांत जनता, आणि शेवटच्या कलमात सामील होणाऱ्या अधिकाऱ्यांचे हुद्दे कायम राहतील अशी हमी. (हे शेवटचे कलम सगळ्यांत आधी लिहितात.) मग जाहीरनाम्याला त्या गावाचे नाव मिळते आणि आसपासच्या गावांनी पाठिंबा द्यायचा असतो. पाठिंबा म्हणजे घंटा वाजवणे, चर्चमध्ये आभाराची प्रार्थना म्हणणे आणि दारूचे बाण उडवणे. जे गाव पाठिंबा पाठवत नाही, त्याच्याकडे तो न्यायला घोडदळ येते.

सान मातिआस गावाकडे घोडदळाला कधी यावे लागले नाही. गावचा अल्काल्दे, म्हणजे कारभारी, कासिमिरो ओल्वेरा याला हवा कुठली ते बरोबर कळायचे. एकदा तर जनरल आरिस्मेन्दीच्या मनात बंडाचा विचारही नव्हता, तेव्हा सान मातिआसचा पाठिंबा त्याच्याकडे जाऊन पोचला. बिचाऱ्याला भिडेखातर बंड करावे लागले.

कासिमिरोचा थोरला भाऊ अशाच एका क्रांतीत पडला. दोन्ही बाजूंनी त्याला आपापला हुतात्मा म्हणून जाहीर केले, त्यामुळे त्याला पुरायला दोन्हीकडून कोणी आले नाही. त्याची बायको एदुविखेस हिने ते काम स्वतः उरकले. तेव्हापासून तिला क्रांतीबद्दल म्हणावा तसा आदर उरला नव्हता.

"भावजी, आज घंटा कुणाच्या नावाची?" ती कुंपणावरून विचारायची.

"स्वातंत्र्याच्या, वहिनी."

"ते तर गेल्या महिन्यातल्या लोकांचं होतं ना?"

"त्यांनी स्वातंत्र्य पायदळी तुडवलं. ही माणसं ते उचलून परत जागेवर ठेवणार."

"ठेवताना जरा पुसून घ्या म्हणावं," असे म्हणून ती तोर्तिया भाजायला आत जायची.

आता पाण्याविषयी. सान मातिआसच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. त्याचे पाणी पाटाने गावच्या मक्याला यायचे. देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळे गाव चौकात नाचत होते, आणि ती संधी साधून वरच्या हासिएन्दाच्या, म्हणजे जमीनदारी मळ्याच्या, मालकाने दगड, खुंट आणि माती घालून झऱ्याला बांध घातला. पाणी आपल्या उसाकडे वळवले. त्याचा मुलगा डॉन रेमिखिओ याने बापाची स्मृती म्हणून तो बांध भक्तिभावाने राखला. गावाला पावसाळ्यात पावसाचे पाणी मिळे, आणि उरलेल्या वर्षात आश्वासने.

कासिमिरो चिकाटीचा माणूस. जो कोणी जनरल यायचा, त्याला तो हात जोडून सांगायचा, "तेवढं आमच्या पाण्याचं कलम घाला, साहेब." जनरल कलम घालायचा. जाहीरनामा वाचून झाला की घंटा वाजायच्या. मग जनरल जेवायला डॉन रेमिखिओकडे जायचा, कारण जनरलला शोभेल असे टेबल पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हते. टर्कीचे मोले, म्हणजे दाट मसालेदार रस्सा, फ्रान्सची दारू आणि शेवटी गोड काहीतरी. गोड खाऊन उठलेल्या माणसाला पाण्याची आठवण राहत नाही, आणि राहिली तर ते तिथेच पेल्यात मिळते.

अशा बऱ्याच क्रांत्या झाल्या. शेवटी पावसाने ओढ दिलेल्या एका जुलैत, मका गुडघ्याएवढा होऊन माना टाकायला लागला तेव्हा, कासिमिरोने गाव गोळा केले.

"दुसऱ्यांच्या क्रांत्या पुष्कळ झाल्या," तो म्हणाला. "आता आपली करू. एकच कलम, पाण्याचं."

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या पाद्री अनसेल्मोंनी शंका काढली, की एका कलमाच्या क्रांतीला वर कोणी गंभीरपणे घेणार नाही. म्हणून मातृभूमी आली, धर्म आला. मग कोणीतरी विचारले, की आपला जनरल कोण?

जनरलशिवाय क्रांती म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय लग्न. तशी नुसती दंगल होते, आणि सान मातिआसचे लोक कायदा पाळणारे होते. सैन्यात गेलेल्यांपैकी जे परत आले होते त्यांच्यात सर्वांत मोठा हुद्दा एका लंगड्या ढोलवाल्याचा होता. गणवेश, घोडा आणि तलवार या तिन्ही वस्तू धड अवस्थेत असलेला माणूस साऱ्या परिसरात एकच. तो म्हणजे स्थानिक शिबंदीचा मानद कर्नल, डॉन रेमिखिओ.

"ज्याने पाणी अडवलं त्यालाच नेता करता?" एदुविखेस मागून ओरडली.

"वहिनी, हे व्यक्तिगत भांडण नाही," कासिमिरो समजुतीच्या सुरात म्हणाला. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

शिष्टमंडळ वर गेले. डॉन रेमिखिओने जाहीरनामा ऐकला आणि त्याचे डोळे भरून आले. "इतके दिवस माझ्या लोकांनी मला हे सांगितलं का नाही?" तो म्हणाला. (सांगितले होते. त्या वेळी त्याने कुत्री सोडली होती.) त्याने कासिमिरोला मिठी मारली, आणि कासिमिरोही रडला. त्याला मनापासून वाटले, की आता मका वाचणार.

सान मातिआसची क्रांती अभ्यासण्यासारखी यशस्वी झाली. जनरल आरिस्मेन्दी सामील झाला. राजधानीतले सरकार आधीच कंटाळले होते, ते निघून गेले. गोळी एकही सुटली नाही. एक बाण तेवढा पाद्रीसाहेबांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला. डॉन रेमिखिओ मेक्सिको शहरात मंत्री झाला आणि गावाचे नाव वर्तमानपत्रात आले. जाहीरनाम्याची भाषा राष्ट्रीय पातळीवर नेताना थोडी सुधारावी लागली. पाण्याचे कलम पहिले होते ते अकरावे झाले, आणि त्यात "पाणी" हा शब्द संकुचित वाटल्यामुळे "नैसर्गिक संपदा" असे घातले. ती संपदा उंचावरून खाली वाहते की कसे, याचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला. आयोगाचा निर्णय येईपर्यंत बांध राष्ट्राची मालमत्ता म्हणून जाहीर झाला, आणि त्याची राखण मंत्रिमहोदयांच्या हासिएन्दाकडे सोपवली.

कासिमिरोने ही बातमी चौकात वाचून दाखवली तेव्हा घंटा वाजल्या. मक्याची पाने तोवर कागदासारखी वाजायला लागली होती.

पुढच्या रविवारी, प्रार्थना आटोपून लोक चर्चमधून बाहेर पडत असताना, एदुविखेस खांद्यावर कुदळ घेऊन चौकातून वर गेली. कोणी विचारले नाही. दिवसाढवळ्या कुदळ नेणाऱ्या बाईच्या मनात राजकारण असेल असे कोणाला वाटावे? हासिएन्दाचे रखवालदार मंत्रिमहोदयांच्या मानाची पुल्के ही गावठी दारू पिऊन आडवे झाले होते. तिने खुंट उपटले, माती ओढली, दगड ढकलले. बांध स्मृतीचा होता, पण मजबुतीचा नव्हता. दुपारपर्यंत पाटाला पाणी आले.

आणि मग सान मातिआसमध्ये जे झाले त्याला कोणताही जाहीरनामा नव्हता. लोक पाटात उतरले. म्हातारी माणसे गुडघाभर पाण्यात बसून राहिली. बायांनी घागरी, पातेली, टोपल्यासुद्धा आणल्या. सगळ्यांत पुढे कासिमिरो होता. त्याने पागोटे करून डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता आणि आपल्या वाफ्याचे तोंड तो हातांनीच मोकळे करत होता. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता, अगदी आरिस्मेन्दीने गालाला गाल लावला तेव्हाही नाही.

संध्याकाळी त्याच्या ध्यानात आले, की आपण अल्काल्दे आहोत. राष्ट्राची मालमत्ता फुटली होती, तीही खुद्द सान मातिआसच्या क्रांतीची. तो दोन माणसे घेऊन एदुविखेसच्या दारात गेला. ती हात धूत होती.

"वहिनी, एवढं पाऊल उचलायच्या आधी कुणाला विचारायचं तरी."

"कुणाला? पाणी तर कुणाला विचारत बसलं नाही."

"आयोग बसलाय, वहिनी."

"तुमचा मका भिजला का, भावजी?"

कासिमिरोने खाली पाहिले. त्याला लाज वाटली, खरोखरीच वाटली. "भिजला," तो म्हणाला.

"मग बांधा हात."

त्याने हात बांधले. आरोप असा ठेवला, की क्रांतीने मंजूर केलेली गोष्ट आरोपीने क्रांतीची वाट न पाहता केली. शिक्षा ठोठावायला राजधानीहून माणूस यायचा आहे. दरम्यान बांध पुन्हा घालायचा हुकूम आला, आणि ज्यांची शेते भिजली होती तीच माणसे टोपल्या घेऊन वर गेली. कोणी कुरकुर केली नाही. काही बायांनी मात्र वर जाण्याआधी घागरी घरात नेऊन झाकून ठेवल्या.

वाचकहो, बाईचा हेतू चांगला होता, पण तिने जरा धीर धरायला हवा होता, शेवटी रीत म्हणून काही असते, असे वाचता वाचता आपल्याही मनात आले असेल. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. सकाळी लवकर या आणि येताना टोपली आणा. बांधावर माती टाकायला माणसे कमी पडत आहेत.