'पुरे' केंद्राची वास्तुशांत

जगानं कमी विकत घ्यावं, कमी वापरावं, वाढ वाढ करत ऊर फुटेस्तोवर धावू नये, असं 'पुरे' या संशोधन केंद्राचं म्हणणं. हे सांगायला केंद्राचे संचालक स्वरूप सर महिन्यातून दोनदा विमानानं कुठंकुठं जायचे. केंद्र मात्र रत्नागिरीबाहेरच्या एका वाडीत, भाड्याच्या घरात. रुचिरा तिथली एकुलती एक संशोधक, तीही तात्पुरती. केंद्राची परिषद नीट पार पडली तर ती कायम होणार होती. नाहीतर दापोलीला परत, जिथं आईनं स्थळं रांगेत उभी करून ठेवलेली.

सरांचा हुकूम होता, परिषदेसाठी चमचासुद्धा विकत घ्यायचा नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणायचं. म्हणून रुचिरा वाडीचे प्रमुख भागोजीकाका यांच्याकडे एक टोप आणि थोड्या खुर्च्या मागायला गेली.

"वाडीचा सामान सुटा जात नाय, बाय," काका म्हणाले. "गेला तर सगळा जातो."

सामान गेलं की मागोमाग वाडी जेवायला जाते, हे काकांनी सांगितलं नाही. भात शिजवून खातात हे कोण कुणाला सांगतं? आणि रुचिरा हॉस्टेलात वाढलेली. तिनं आभार मानले आणि निघाली. इकडे वाडीनं हिशेब लावला: या लोकांनी बिऱ्हाड मांडलं, वास्तुशांत काही घातली नव्हती. आता घालतायत. उशिरा का होईना.

परिषदेच्या सकाळी बायका विळ्या घेऊन हजर. पुरुषांनी लाकडं आणली, घराघरातून तांदूळ आणि नारळ आले. रुचिरा त्यांना थांबवायला धावली, पण विकत काही आणलं नव्हतं, त्यामुळे हुकूम मोडला असंही म्हणता येईना. मूठभर विद्वान मागच्या खुर्च्यांत गेले, पुढे वाडी बसली. मग आहेर सुरू झाले. भिंतीवरची घड्याळं, कुकर, एक मिक्सर. सर भाषणात म्हणत होते, की फ्रिज ही माणसाच्या पायातली बेडी आहे. तेवढ्यात दारात टेम्पो लागला आणि चौघांनी फ्रिज उतरवला.

"आमच्या मुंबईकरांनी वर्गणी काढून पाठवलाय," काका अभिमानानं म्हणाले.

सर चाचरत म्हणाले, की हा परत न्यावा. नारळ खवणारे हात थांबले.

"आहेर परत?" काकांनी शांतपणे विचारलं. "आमचं काय चुकलं ता तरी सांगा."

सरांनी हात जोडले आणि फ्रिज आत घ्यायला लावला. टाळ्या पडल्या. विद्वान तिसऱ्यांदा भात वाढून घेत होते.

जेवणं उरकल्यावर सरांनी रुचिराला आतल्या खोलीत बोलावून दार लावलं. मे महिन्याचं ऊन, पंख्यातून नुसती वाफ. रुचिरानं मनातल्या मनात बॅग भरली.

सरांनी कोपऱ्यात ठेवलेल्या फ्रिजवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "सोलकढी बरीच उरली आहे. नासली तर अन्नाची नासाडीच, नाही का? याचं बटण कुठे असतं?"

रुचिरानं मनातली बॅग रिकामी केली आणि खुर्ची ओढून बसली.

"आधी माझं कायम नेमणुकीचं पत्र काढा, सर," ती म्हणाली. "मग दाखवते."