पाण्यासकट पोळं

एका जंगलात मध भरपूर होता आणि कायदा जवळजवळ नव्हताच. काही भानगड झाली की सगळे हत्तीणबाईकडे जायचे.

हत्तीणबाई वडाखाली उभी राहून ऐकायची. कुणी केलं, का केलं, घरात खायला होतं का. मग शिक्षा सांगायची. कुणाला डोंगरातल्या गुहेत कोंडायची, कुणाला नुसतं ओरडून सोडून द्यायची. कधीकधी चुकायचीसुद्धा. चुकलं की पुढच्या खेपेला जरा जास्त वेळ ऐकायची.

तर मुलांनो, झालं असं. वाघोबा महाराजांचा वाढदिवस होता. महाराज दगडावर उभे राहून भाषण करत होते. नेमकं तेव्हाच मागच्या कड्यावर अस्वलाने आग्यामोहळ ओरबाडलं. माश्या चवताळल्या. अस्वलाच्या अंगावर केस फार. म्हणून त्या महाराजांना चावल्या. नाकावर.

समोर बसलेली माकडं हसली. महाराजांना माश्या जेवढ्या लागल्या नाहीत, तेवढं ते हसणं लागलं.

त्याच संध्याकाळी, नाकाची सूज उतरायच्या आत, नवा कायदा झाला. नदीतून आवळ्याएवढा एक गोटा काढला. ज्याच्याकडे सापडलेलं पोळं या गोट्यापेक्षा जड भरेल, त्याला गुहेत सात पावसाळे. लहान असो, मोठा असो, सगळ्यांना सात. कारण विचारायचं नाही. हत्तीणबाईने सोंडेत काठी धरायची. काठीच्या एका टोकाला गोटा, दुसऱ्या टोकाला पोळं. काठी कुठे झुकते ते बघायचं आणि शिक्षा सांगायची.

"मग मी तिथे कशाला हवी?" हत्तीणबाईने विचारलं.

"काठी हलू नये म्हणून," महाराज म्हणाले.

जंगल खूश झालं. जंगलात बातम्या सांगायचं काम पोपटांकडे होतं. ते झाडाझाडावर "कडक! कडक!" असं ओरडत फिरले. कायद्यात नेमकं काय आहे, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

कासवाला तर कायदा फारच आवडला. "याला म्हणतात समानता," ते म्हणालं. कासवाला सात पावसाळे म्हणजे एक डुलकी.

"पण आम्ही ससे तेवढं जगतच नाही हो," ससा म्हणाला.

"म्हणजे तुला पूर्ण भोगावी लागणार नाही," कासव म्हणालं. "सवलतच झाली की!"

कायद्यात एक फट ठेवली होती. ती सरकारी वकील मुंगूसरावांनी सुचवली होती. पकडलेल्याने आणखी गुन्हेगारांची नावं सांगितली, तर त्याला शिक्षा माफ.

पहिलं सापडलं ते अस्वलच. डोक्यावर अख्खं मोहळ घेऊन चाललं होतं. काठी अशी झुकली, की गोटा उडून तळ्यात पडला. बेडकांना बुड्या मारायला लावून तो शोधून काढावा लागला.

"नावं सांगणार का?" मुंगूसरावांनी विचारलं.

"सांगतो की साहेब. किती पाहिजेत?"

अस्वल दुपारपर्यंत नावं सांगत होतं. मोहळाच्या कड्याखाली त्याने ज्याला ज्याला पाहिलं होतं, त्या सगळ्यांची. त्यात एक नाव खारीचं होतं.

खारीच्या ढोलीला वरून भोक पडलं होतं. पाणी थेट आत यायचं. आत तीन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. अस्वलाने चोखून फेकलेला पोळ्याचा एक तुकडा खाली पडला होता. त्यात मधाचा थेंब नव्हता, नुसतं मेण होतं. ते लावून भोक बुजवू, असं खारीला वाटलं. तुकडा ओढत ती झाडापर्यंत पोचते न पोचते, तोच पावसाची मोठी सर आली. आणि सरीपाठोपाठ शिपाई आले.

पोळ्याच्या एकेका घरात पाणी साचलं होतं. तुकडा तसाच उचलून वडाखाली आणला आणि काठीला लावला. काठी झुकली. किंचितच, पण पोळ्याच्या बाजूला.

"अहो, हे पाणी आहे," हत्तीणबाई म्हणाली. "पालथं करा आणि परत तोला."

"पुराव्याशी छेडछाड होईल, बाईसाहेब," मुंगूसराव म्हणाले. "जप्त केलं तेव्हा जसं होतं, तसंच तोलायचं. कायद्यात पोळं म्हटलंय. कोरडं पोळं म्हटलेलं नाही."

"घटकाभर उन्हात तरी ठेवू."

"मग उद्या जो येईल तो म्हणेल, माझंही वाळवा."

"आणि ज्याने अख्खं मोहळ नेलं, तो इथे बसलाय!"

"त्यांनी सहकार्य केलं," मुंगूसराव म्हणाले.

अस्वल पहिल्याच रांगेत होतं. त्याने मान लववून सगळ्यांना नमस्कार केला.

"बाई, माझी पिल्लं भिजतायत," खार म्हणाली. "काय ते लवकर करा."

"लवकर सुटायचंय ना?" मुंगूसराव खाली वाकले. "मग तुझ्या टोळीतली नावं सांग."

"टोळी कुठली? मी एकटीच होते."

"तुकडा तिथे टाकला कुणी?"

"अस्वलदादांनी."

"ते नाव आहे आमच्याकडे. नवीन सांग. जुनं चालत नाही."

खारीने वर पाहिलं. फांदीवर तिची शेजारीण साळुंकी बसली होती. खाली पडलेला मेणाचा चुरा साळुंकीही घरट्यात नेते, हे खारीला माहीत होतं. खारीला ते माहीत आहे, हे साळुंकीला माहीत होतं. तिच्या घरट्यात अंडी होती. तिने चोच घट्ट मिटून घेतली.

"एक नाव," मुंगूसराव म्हणाले. "एक नाव सांग आणि घरी जा."

"मला ठाऊक नाही," खार म्हणाली.

"आरोपीला पश्चात्ताप नाही," मुंगूसरावांनी जाहीर केलं.

अस्वलाला राहवेना. "अगं ताई, सांग की कुणाचंही! मी तर परवा मेलेल्या रानडुकराचंपण सांगून टाकलं. कोण बघतंय?"

हत्तीणबाईची सोंड थरथरली.

"बाईसाहेब, काठी हलतेय," मुंगूसराव म्हणाले.

हत्तीणबाईने काठी स्थिर धरली. तिला आता तेवढाच अधिकार उरला होता. "सात पावसाळे," ती म्हणाली. "आणि पिल्लांचं काय करायचं?"

"कायद्यात पिल्लं नाहीत," मुंगूसराव म्हणाले.

त्या दिवशी पोपटांकडे दुसरी बातमी नव्हती. त्यामुळे ते संध्याकाळपर्यंत "पिल्लं! पिल्लं!" असं ओरडले. महाराजांच्या कानावर गेलं. महाराजांचं मन फार कोमल. त्यांनी हुकूम दिला, की पिल्लांनाही गुहेत आईजवळ ठेवा.

महाराजांच्या वतीने एका माकडाने निवेदन केलं: "खारीची मागणी न गळणाऱ्या घराची होती. सरकारने ती सहकुटुंब मान्य केली आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळुंकीनेही वाजवल्या, पंखांनी. न वाजवणाऱ्यांकडे मुंगूसराव बघत होते.

गुहा खरंच कोरडी होती. पिल्लांचे डोळे तिथेच उघडले. बाहेर कसला तरी मोठा आवाज येत होता.

"आई, हा आवाज कसला गं?" एका पिल्लाने विचारलं.

"पाऊस आहे, बाळा."

"पाऊस म्हणजे काय?"

खारीने जरा विचार केला.

"मोजायची गोष्ट असते," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, गुन्हा कधीही एकट्याने करू नये. वेळ आली तर सांगायला नावं हवीत. ज्यांच्या तेवढ्या ओळखी नसतील, त्यांनी प्रामाणिक राहावं, आणि काही उचलायचंच झालं तर ते उन्हाळ्यात उचलावं.