निकांदर मूर्तिकाराने घडविलेल्या मुखाची हकिकत

॥ श्री ॥ प्रथम नमन अग्नीस, जो मेण गिळून धातूस रूप देतो, मग नमन वाचणारांस. यवनदेशी, म्हणजे ग्रीकांच्या मुलखी, सत्तरावा क्रीडोत्सव, ग्रीष्म ऋतू. ते साली एका नगरीचा मल्ल फिलास याने मुष्टियुद्ध जिंकिले, आणि त्याच्या ठोशाने जो परमुलखीचा पोर पडला तो उठलाच नाही. तो दामोन, थोर मूर्तिकार निकांदर यांचा एकुलता पुत्र. आणि नगरीच्या राजांनी जेत्याची मूर्ती घडवावयास निकांदरांसच बोलाविले. नावाजलेला कारागीर पाहिजे, बापाचे काळीज कोण पाहतो! मग ते पत्नीसह आले.

तेथील रीत ऐसी की जो तीनदा जिंकेल त्यासच मूर्तीवर स्वतःचे मुख, तोवर अंग जेत्याचे आणि मुख कारागिराच्या मनीचे. निकांदरांच्या मनी एकच मुख होते. त्यांनी मेणात पुत्राची हनुवटी, पुत्राचे किंचित वाकडे नाक घडविले आणि धातू ओतिला. मूर्ती चौकात उभी राहिली, आणि नगरीत कोणी ओळखिले नाही. मग दोघे घरी परतेनात. म्हातारी रोज पहाटे चौकात जाऊन मूर्तीचा गाल कुरवाळी.

फिलास पुढल्या उत्सवीही जिंकला. तिसऱ्यास निघतेसमयी त्याने तिजला पाहिले आणि पुसिले, "आई, हा कोण?"

म्हातारी म्हणाली, "तू मारलास तो. आता जिंकून आलास की याचं डोकं उतरवतील, तुझं बसवतील. मग मी कोणाकडे बघू रे?"

फिलास उत्सवास गेला, रिंगणात उतरला आणि हात खाली सोडून उभा राहिला, आणि मार खाऊन एक डोळा गमावून परतला. नगरीस संताप आला. लोकांनी आधी त्याजवर शेण फेकिले, मग त्याच्या मूर्तीवर, आणि शेण बसले ते दामोनच्या मुखावर.

पहाटे तिघे चौकात होते. निकांदर कळशी भरून आणीत, फिलास पाणी ओती आणि म्हातारी मुख पुशी. पुसता पुसता तिने मागे पाहिले आणि म्हणाली, "इकडे ये. तुझ्याही तोंडाला लागलंय." आणि त्याच ओल्या फडक्याने त्याचेही मुख पुसिले, आणि फिलास मोठ्याने रडला.

पुढे लढाई लागली, राजांनी मूर्ती वितळवून ढाली केल्या. तोवर म्हातारी निवर्तली होती, तेवढे बरे जाहले. जैसे ऐकिले तैसे लिहिले.