मंगळवारचा चौकोन

रेणुकानं बेकरीचं वेळापत्रक करायला घेतलं ते एवढ्याशा कारणानं. चार वर्षांची मयुरी दर दहा मिनिटांनी येऊन विचारायची, "आई, तू रिकामी कधी होशीन वं?" आणि रेणुका दर वेळी म्हणायची, "हा एक ट्रे निघू दे." आता डोणगावात घरच्या घरी केक-नानकटाई करणाऱ्या बाईचा 'एक ट्रे' कधी निघतो का? एकाच्या मागं दुसरा उभाच.

नवरा इंद्रभान शेगावला लॉजवर कामाला, पंधरा दिवसांनी तोंड दाखवणारा. घरात उरल्या सासू मनकर्णाबाई आणि मयुरी. वाचता दोघींनाही येत नाही. म्हणून रेणुकानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सात चौकोन आखले आणि चित्रं काढली. कुठं नानकटाई, कुठं केक, कुठं टोस्ट. (सगळीच चित्रं भाकरीसारखी दिसत होती, ते सोडा.) मंगळवारी मात्र दोन वेण्यांची पोरगी काढली.

"हे मी?" मयुरीनं बोट लावून विचारलं.

"हाव."

"अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस."

मंगळवारी नऊ ते पाच गावाची लाइट बंद असते, ओव्हन तसाही चालत नाही, हे खरं कारण रेणुकानं सांगितलं नाही. तेवढं तिच्या मनाला टोचत राहिलं.

तीन मंगळवार सुखाचे गेले. चौथ्या मंगळवारी मयुरीचा पाचवा वाढदिवस. केक सोमवारी संध्याकाळी करून ठेवायचा, असं ठरलं होतं. पण नेमकी शेजारची अश्विनी आली. "रेणुका, तीन किलो नानकटाई पाह्यजे. पाव्हणे सकाळीच निघून राह्यले. नाही म्हणू नको बरं!"

नाही म्हणणं रेणुकाच्या सातही चौकोनांत नव्हतं. केक उद्या करू, उद्या तर सुट्टीच आहे, असं म्हणून तिनं नानकटाई लावली. सुट्टी कशामुळं आहे, तेच विसरली.

सकाळी केकचं पीठ कालवून होतं न होतं, तोच लाइट गेली.

मग रेणुकाला कुकर आठवला. तिनं कुकरच्या तळाला मीठ पसरलं, त्यावर केकचा डबा ठेवला, झाकणाची रिंग आणि शिटी काढली, गॅस बारीक केला आणि मेणबत्त्या आणायला दुकानात गेली. नवा फ्रॉक घातलेली मयुरी कुकरसमोर मांडी घालून बसली.

रेणुका परतली तेव्हा दारातच शिटी ऐकू आली.

"आत्याबाई! हे काय केलं?"

"काय म्हणजे? कोरडाच कुकर चढवला होता तू! आत नुसतं मीठ. ना पाणी, ना रिंग, ना शिटी. जळला असता की." मनकर्णाबाई अभिमानानं म्हणाल्या. "मी दोन गिलास पाणी टाकलं. चार शिट्या झाल्या. अजून एक होऊ देऊ?"

झाकण उघडलं. डब्यात मिठाचं पाणी शिरून केकचा गाळ झाला होता. "पार बसला केक, फुगलाच नाही," रेणुका पुटपुटली. मयुरीनं बोट बुडवून चाटलं.

"खारट हाये."

मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माह्या हातानंच झालं वं माय! पोरीचा सणाचा दिवस..."

मयुरी उठली आणि भिंतीवरच्या कागदापाशी गेली. "रडू नको आजी. पाह्य ना, मंगळवारी केक नाहीच. फक्त मीच हाये."

साऱ्या गावाच्या लेकरांचे केक रेणुकानं केले होते. तिनं पेन्सिल घेतली आणि वेण्यांच्या पोरीशेजारी केक काढायला लागली. तीन मजली, वर पाच मेणबत्त्या. पण डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, तोही भाकरीसारखाच चपटा निघाला.

मयुरीनं चित्राकडं बराच वेळ निरखून पाहिलं. मग आईच्या गालावर हात ठेवून हळूच विचारलं,

"आई वं, हा बी बसला काय?"