तेविसावा शुभेच्छुक

"मराठवाड्यातील एकमेव, अत्यंत गुप्त व सुप्रसिद्ध गुप्तहेर. याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. चोरी, भानगडी, हरवलेली जनावरे व माणसे शोधून मिळतील."

एवढा मजकूर व्हिजिटिंग कार्डावर बसवायचा आणि वर हसरा फोटो टाकायचा, असं त्रिंबकमामाचं म्हणणं होतं.

"मामा, गुप्तहेराचा कुणी फोटो छापतं का?" बबिताने विचारलं.

"मग लोकांनी मला वळखावं कसं, बबे?"

बबिताने वाद घातला नाही. गेवराईत एका खोलीत, एका लॅपटॉपवर चार वर्षं डिझाइनचं काम केल्यावर तिला एक अक्कल आली होती, की गिऱ्हाईक आणि मोकाट वळू यांच्या आडवं जाऊ नये. त्यात हे गिऱ्हाईक सख्खा मामा. शाळेतला शिपाई म्हणून रिटायर झाल्यापासून त्याला गुप्तहेरीची बाधा झाली होती. आजवर सुटलेली केस एकच, स्वतःची हरवलेली म्हैस. तीसुद्धा दिवस मावळायला आपल्या पायांनी घरी आली. मामा मात्र ती हकीकत सांगताना आवाज खाली घ्यायचा.

कार्ड सतराव्यांदा बदलत असताना मोहनरावांचा फोन आला. मोहनराव म्हणजे माजी सभापती आणि बबिताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आज त्यांची एकसष्टी होती. स्टँडसमोरच्या चौकात तिनेच केलेला फ्लेक्स लागला होता, वर हात जोडलेले मोहनराव आणि खाली तेवीस शुभेच्छुक.

"पोरी, माझ्या बॅनरवर परका माणूस कुठून आला? समोरच्या पार्टीचा दिसतोय. बाराला मिरवणूक चौकात येणार. तवर तो कोन हाय ते कळलं न्हाई, तर इलेक्शनचं सगळं काम बीडला देतो." फोन कट.

तो कट होतो न होतो तोच मोहनरावांचा उजवा हात सटवा दारात उभा. "अन् माझा फोटू कुठं हाय? बावीस जण झळकतेत, मी कुठं हाय?"

बबिताचे आई-आबा शिरूर कासारला. दरवर्षी दसरा झाला की दोघं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर हाडं मोजत परत यायचे. यंदा जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ते ठरवणं सगळं या इलेक्शनच्या कामावर उभं होतं आणि मुकादम आज संध्याकाळी हो-नाही विचारायला येणार होता.

"थांब," मामा उठला. "ही केस माझी."

त्याने पहिलं काम हे केलं, की बबिताचा लॅपटॉप आणि मोबाइल पुरावा म्हणून जप्त केला. लॅपटॉप कपाटात घालून किल्ली करदोट्याला बांधली आणि मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून खिशात टाकला.

"मामा, आलेले सगळे फोटो त्याच्यातच आहेत. दोन मिनिटांत कळेल."

"दोन मिनिटांत सुटती ती केस नसती, बबे."

चौकात माणसं जमली होती. फोटोखाली नावं असती तर काही प्रश्नच नव्हता. पण नावं फोटोखाली टाकली की कुणाचं आधी आणि कुणाचं मोठं यावरून दरवर्षी कॉलरी धरल्या जायच्या. म्हणून मोहनरावांच्या हुकमाने सगळी नावं तळाशी एका ओळीत आणि चेहरे मिळेल त्या जागी. बबिताला चेहऱ्यावरून काही आठवेना. फोटो कुणाच्याही मोबाइलवरून यायचे आणि वर्षाला हजारभर पुढारी गोरे केल्यावर सगळे एकाच आईची लेकरं वाटायला लागतात.

मामाने भिंग काढलं. फ्लेक्स होता पंधरा फूट वर.

"एक," तो भिंगातून आभाळाकडं बघत म्हणाला. "याच्या डोळ्यात ट्यूबलाइट चमकतीया. म्हंजी याच्या घरी लाइट असती. म्हंजी हा बीड जिल्ह्यातला न्हाई."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. जिथे तिथे असले डोलणारे असतातच.

"दोन. कॉलर घाटनांदूरच्या शिंप्याची दिसती."

"ते बीड जिल्ह्यातच आहे, मामा."

"म्हंजी चकवा देतोय. पट्टीचा गुन्हेगार हाय. तीन. यानं सटवाला गायब करून त्याची जागा घेतली."

"मी हितंच हाय की," सटवा म्हणाला.

"तू मधी बोलू नको. गायब मानसानं बोलायचं नसतं."

"तेवीस नावं आहेत, तेवीसच फोटो आहेत," बबिता कळवळून म्हणाली. "एक कमी, एक जास्त. जरा विचार करा ना."

"हिशोब शाळेत, बबे. हितं डोकं लागतं."

सटवाचं मात्र माथं भडकलं होतं. "कोन हाय बे ह्यो? बघा की, थोबाडावरनंच लफंगा दिसतो. मानसं ठकवून खाल्लेलं तोंड हाय. ह्याला दारात उभं करायचं न्हाई."

गर्दीत भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. सटवाची आई, छबुबाई.

"सटवा, सोताला शिव्या कावून देतो रं?"

"मला कुठं? त्या वरच्याला देतोय."

"तूच हाईस की त्यो."

सटवाने वर बघितलं, आईकडं बघितलं, परत वर बघितलं.

"कान बघ," छबुबाई म्हणाली. "धरून धरून डावा लांब झालाय. माझ्या हातचा हाय त्यो."

तेव्हा बबिताला लख्ख आठवलं. परक्या नंबरावरून आलेला तो फोटो आणि मागोमाग अकरा व्हॉइस मेसेज. गोरं करा. गाल आत घ्या. टक्कल झाका. मिशी भरा. शेवटी गॉगल काढून डोळे लावा, कुणाचेबी चालतील. सगळं बदललं होतं, फक्त कान तसेच राहिले होते. कानाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

"तुम्हीच पाठवला होता ना?" तिने विचारलं.

"पाठवला होता भाच्याच्या मोबाइलवरून," सटवा हळूच म्हणाला. "पर एवढं चांगलं हुईल असं वाटलं नव्हतं."

त्रिंबकमामा छबुबाईकडं वळला. "आजी, ही माहिती तुमी एवढा वेळ दडवून का ठिवली?"

सटवाने खिशातून कंगवा काढून उरलेल्या केसांवर फिरवला आणि घटकेपूर्वीच्या लफंग्यासोबत सेल्फी घेतला. बाकीचे बावीस जण मात्र चिडले. आम्हाला असं का केलं नाही, म्हणून बबितालाच घेराव पडला. एवढ्यात वाजतगाजत मोहनराव आले. त्यांनी सगळं ऐकलं, सटवाकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं आणि बराच वेळ स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"म्हंजी मानूस एवढा बदलता येतो?"

"येतो," बबिताने सांगितलं.

"इलेक्शनचं काम हिलाच द्या," ते कार्यकर्त्यांना म्हणाले. "माझ्यापसून सुरू कर, पोरी."

बबिताने मामाच्या खिशातून दुधाची पिशवी ओढून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.

"आबा, मुकादमाला न्हाई म्हणून सांगा."

"कावून? काम भेटलं का?"

"भेटलं. मोहनरावांचं."

आबा म्हणाले, "मानूस चांगला हाय का पर?"

"फोटोत करते चांगला," बबिता म्हणाली.